प्राजक्तानं काढलेले

प्राजक्ता शेवाळे वारल्या, त्याला तीन महिने होत आले असताना त्यांनी काढलेला एक नवा फोटो घरच्या अल्बममध्ये आला. फोटो शेवग्याच्या आमटीचा होता.

त्यांचे पती केदारराव यांनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. बायको वरून फोटो पाठवते आहे याचं त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. वरही शेवगाच मिळतो, याचं मात्र वाईट वाटलं. तिला शेवगा कधीच आवडला नव्हता.

मग मांजराच्या पाठीचा फोटो आला. मग वाळत घातलेल्या मोज्यांचा. आणि एके दिवशी खुद्द केदाररावांचा, दुपारी तोंड उघडं टाकून झोपलेले असतानाचा. त्या दिवसापासून ते दुपारी भांग पाडून झोपू लागले. आठवडाभर असं झोपल्यावर त्यांनी अल्बमच्या कंपनीत जायचं ठरवलं.

त्या काळी माणशी चार-पाच लाख फोटो सहज असत. चष्मे फोटो काढत, दारं काढत, फ्रिज स्वतःच्या पोटातले काढी. शिवाय प्रत्येक घरात एक घरचा कॅमेरा असे. तो या हातातून त्या हातात फिरे, कारण ‘अरे, जरा आमचा काढ’ हे वाक्य विज्ञानाला संपवता आलं नव्हतं. इतके फोटो कुणी बघत नसे. म्हणून चाळण्या आल्या. चाळणी म्हणजे असा अल्बम, ज्यात आपण फोटो ठेवत नाही, फक्त नियम सांगतो. नियमात बसणारा फोटो आपोआप चाळणीतून खाली पडतो, मग तो वीस वर्षांपूर्वीचा असो की आत्ताचा. लोकांनी हौसेनं नियम केले. ‘रेयांशमामाचे डोळे मिटलेले’ ही एक चाळणी. ‘आपल्याला न बोलावलेली लग्नं’ ही दुसरी. साताऱ्याच्या एका बाईंनी ‘हे हसताहेत आणि मी फोटोत नाही’ अशी चाळणी लावली, आणि ती इतकी भरली की पुढचं सगळं वकिलांनी पाहिलं.

केदाररावांची चाळणी साधी होती. नाव होतं ‘प्राजक्तानं काढलेले’. घरात जो फोटो काढतो तो फोटोत नसतो, आणि शेवाळ्यांच्या घरात फोटो काढायच्या त्या प्राजक्ताबाई. त्यामुळे त्या स्वतः मोजक्याच फोटोंत होत्या, तेही बहुतेक कुणाच्या तरी खांद्यामागे. केदाररावांकडे बायकोचा चेहरा फारसा नव्हता. ती काय बघत होती, तेवढं होतं.

कंपनीचं संशोधन केंद्र कराडातच होतं. पुण्यातली पार्किंगची जागा संपल्यावर सगळी केंद्रं तिथे आली होती. डॉ. ओवी गद्रे तिथे काम करायची. वयानं पस्तिशीची. फोटो कुणी काढला हे ओळखायची युक्ती तिच्याच गटानं शोधली होती.

“तक्रार काय आहे, काका?”

“बायको वारलीय.”

“अरेरे. सॉरी.”

“ती तक्रार नाही. ती फोटो काढतेय.”

ओवीनं खुर्ची पुढे ओढली. “चाळणीत चुकून दुसऱ्या कुणाचे येत असतील. मी बघते, दुरुस्त करून देते.”

“थांबा की!” केदारराव जवळजवळ ओरडलेच. “लगेच दुरुस्त काय करताय? आधी सांगा तरी, तुमच्या यंत्राला कसं कळतं कोण काढतंय ते?”

“हात पुढे करा,” ओवी म्हणाली. केदाररावांनी केला. “स्थिर धरा.”

“धरलाय की.”

“नाही धरलेला. कुणालाच धरता येत नाही. प्रत्येक हात सतत थरथरतो, पण डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. फोटो हलू नये म्हणून कॅमेरा ती थरथर मोजतो आणि तेवढीच उलटी करून पुसून टाकतो. मोजलेलं मात्र फोटोच्या पोटात राहतं. पूर्वी ते कुणी बघत नव्हतं. आम्ही बघितलं, तर प्रत्येक हाताचा ठेका वेगळा निघाला. तबल्यावरचा हात नुसता ऐकून जाणकार सांगतो ना, कोण बसलंय ते? तसं. आम्ही त्याला हातठेका म्हणतो.”

“म्हणजे फोटोत ती नसली तरी तिचा हात आहे.”

“आहे.”

केदाररावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, “एक विचारू? आमच्या लग्नानंतरचे, अन्विता लहान असतानाचे, ते हिनंच काढलेत. मी शपथेवर सांगतो. ते या चाळणीत येतच नाहीत. शेवटच्या दहा-बारा वर्षांचेच येतात.”

ओवीच्या कपाळावर आठी पडली. “अन्विता कोण?”

“मुलगी. कारखान्यात यंत्रमानवांची हजेरी घेते. दोन नेहमी गैरहजर असतात. आम्ही दोघंच राहतो.”

“तिची वेगळी चाळणी आहे?”

“आहे. पण आई गेल्यापासून तीत नवीन काही पडलेलं नाही. मला वाटलं, दुःखानं फोटो काढायचं सोडलं असेल पोरीनं.”

“काकूंना काय झालं होतं?” ओवीनं हळूच विचारलं.

केदाररावांनी सांगितलं. प्राजक्ताबाईंच्या घराण्यात हा आजार होता. आधी हात ऐकेनासे होतात, मग पाय, मग जीभ. प्राजक्ताबाईंच्या आईलाही तोच होता. मुलाकडे तो उतरायची शक्यता निम्मी, सरळ छापा-काटा. डाळिंब आपोआप सोलणारं यंत्र तोवर निघालं होतं, या आजारावरचं औषध निघालं नव्हतं. आजार आहे की नाही, हे आधी सांगणारी तपासणी तेवढी होती. अन्वितानं ती करून घेतली नव्हती. आईच्या उशाशी बसून तिनं साफ सांगितलं होतं, “नाणं हवेत आहे ना? मग हवेतच राहू दे. मला नाही बघायचं.” आणि प्राजक्ताबाईंनी, तेव्हा त्यांना बोलता येत होतं, केदाररावांकडून शब्द घेतला होता की पोरीवर कुणी जबरदस्ती करायची नाही.

ओवीनं समोरचा पडदा स्वतःकडे वळवला. ती एकेक फोटो उघडत गेली. मग तिनं पडदा बंदच केला.

“काका, चूक आमची आहे. यंत्राला शिकवताना आम्ही काकूंनी अलीकडे काढलेले फोटो दिले. तोवर आजार हातात उतरला होता. आजाराचा स्वतःचा एक ठेका असतो. तो माणसाच्या ठेक्यावर चढतो आणि त्याला गिळतो. डॉक्टरला दिसायच्या कितीतरी वर्षं आधी. यंत्रानं काकूंना ओळखलंच नाही. आजाराला ओळखलं.”

“म्हणून तरुणपणातले येत नाहीत.”

“म्हणून.”

“आणि आत्ताचे येताहेत ते…” केदारराव थांबले. तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाचा फोटो घरात दुसरं कोण काढणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी ते फक्त विचारात घेतलं नव्हतं. “तिला काही होत नाहीये हो,” ते म्हणाले. “परवा सुईत दोरा ओवला तिनं. पहिल्या झटक्यात.”

“आत्ता नाही होणार. बरीच वर्षं नाही होणार.”

“शेवगा मीच आणला होता,” केदारराव म्हणाले. “आमटीही मीच केली होती.” याचा काय उपयोग, हे दोघांनाही कळलं नाही.

अडचण अशी होती. चोवीस तारखेला प्राजक्ताबाईंचा वाढदिवस होता. आई गेल्यापासून अन्वितानं ती चाळणी उघडलीच नव्हती. “मला सोसणार नाही बाबा,” असं म्हणाली होती. पण वाढदिवसाला दोघांनी बसून आईचे सगळे फोटो बघायचे, हे तिनंच ठरवलं होतं. रजाही टाकली होती. ती बघणार, त्यात स्वतः काढलेले फोटो तिला दिसणार आणि ती भिंतीवरच्या पडद्याला विचारणार, हे इथे का? पडदा खरं सांगणार. चाळण्यांना खोटं बोलता येत नसे. तेवढी एक गोष्ट माणसांकडून त्या शिकल्या नव्हत्या.

“तारखेची अट घाला,” केदारराव म्हणाले. “ती गेली त्या तारखेपर्यंतचेच. संपलं.”

“मग उरलेले निराधार होतात. यंत्र त्यांची नवी चाळणी करतं आणि घरातल्या सगळ्यांना विचारतं, ‘हा हात कुणाचा?’”

“घरात दोन माणसं. त्यातला एक मी. दुसरं कोण, हे मांजरसुद्धा सांगेल.”

“तिला सांगून टाकलं तर?”

“शब्द दिलाय,” केदारराव म्हणाले आणि उठले.

घरी येऊन त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. आपलेही फोटो त्या चाळणीत पडू लागले, तर चाळणीच बिघडली असं होईल, आणि बिघडलेल्या यंत्राचं कोण मनावर घेतं? त्यांनी टेबलावर तांब्या ठेवला, घरचा कॅमेरा घेतला आणि हात थरथरवत फोटो काढायला सुरुवात केली. बायकोचा हात कसा हलायचा हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पेला तोंडाशी नेताना तो कसा आधी थांबायचा, मग जणू कुणी हाक मारल्यासारखा बाजूला जायचा, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. पेला धरायचे तेच. पण त्यांचा एकही फोटो चाळणीतून खाली पडेना. तांब्याचे शेकडो फोटो ‘केदाररावांनी काढलेले’मध्ये जाऊन बसले.

“बाबा, काय चाललंय?” दारातून अन्विता.

“व्यायाम.”

“तुझा की तांब्याचा?”

“दोघांचा.”

“दे इकडे. तुझा नि तांब्याचा एकत्र काढते.” तिनं कॅमेरा घेतला आणि एक डोळा मिटला. “हस की जरा. तांब्याकडे बघ, कसा शहाण्यासारखा उभाय.”

केदारराव हसले. तो फोटो कुठे पडला हे त्यांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओवीसमोर होते. “मला जमत नाही,” ते म्हणाले. “इतकी वर्षं संसार केला, पण तिच्यासारखा हात हलवता येत नाही.”

“कुणालाच नाही येत, काका. मुद्दाम हलवलेला हात वेगळा असतो.” ओवीनं टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. “एक करता येईल. मला करावंसं वाटत नाही, पण करता येईल. प्रत्येक नियमाला किती काटेकोर राहायचं ते ठरवून दिलेलं असतं. चाळणीची भोकं समजा. मी ती मोठी करू शकते. इतकी मोठी की कुणाचाही हात त्यातून जाईल. अन्विताचे, तुमचे, पाहुण्यांचे, सगळे फोटो त्यात पडतील. विचारलं तर यंत्र म्हणेल, नियम सैल आहे. ते खोटंही नाही.”

“आणि हिचे?”

“असतील त्यातच. साडेचार लाखांत कुठेतरी.”

त्या चाळणीत केदाररावांना तोंडपाठ झालेले फोटो होते. बसमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या अनोळखी बाईच्या वेणीचा. त्यांच्याच पाठीचा, ते कुलूप लावताना. अर्ध्या जिलबीचा. हे कुणी का काढतं, असं ते तिला नेहमी विचारायचे, आणि “असू दे,” एवढंच ती म्हणायची.

“जुन्या नियमाची एक प्रत मी बाजूला ठेवू शकते,” ओवी म्हणाली. “फक्त तुमच्यासाठी.”

“नको. ठेवलीत तर मी रोज उघडीन. रोज बघीन की पोरीचा आज एखादा पडला का.” ते उठून दाराकडे गेले, परत आले. “पुसून टाका. आणि मॅडम, तो आजाराचा ठेका असेल, तुमचं बरोबर असेल. पण जिलबी तिनंच बघितली होती.”

ओवीनं मान हलवली आणि भोकं मोठी केली.

चोवीस तारखेला सकाळी बापलेक भिंतीसमोर चहा घेऊन बसले. अन्वितानं चाळणी उघडली. पहिलाच फोटो रेयांशमामाचा आला, डोळे मिटलेला. मग कुणाच्या तरी बारशाचा, मग ओळीनं नुसते तांबे.

“हे काय रे?” ती म्हणाली. “हे आईचे नाहीत. हिला काय तांब्याचं वेड होतं?”

“बिघडलीय चाळणी,” केदारराव म्हणाले. “कंपनीला कळवलंय मी. ते म्हणाले, नियम सैल झालाय.”

“म्हणजे आईचे सगळे गेले?”

“आहेत त्यातच.”

तिचे डोळे भरून आले. बापाला तेच बघवेना. इतका वेळ त्यांनी फक्त दुसऱ्याच दुःखाची तयारी केली होती. ती मात्र आईसारखीच हट्टी. मांडी घालून बसली आणि एकेक फोटो सरकवू लागली. हा नाही, हाही नाही, हा मामीचा, यात बोट आलंय म्हणजे हा बाबाचा. चहावर साय धरली. मग ती एकदम थांबली.

फोटो गच्चीवरचा होता. निळ्या चादरीवर गहू वाळत पसरलेले. कडेला एक चिमणी, निम्मी चौकटीबाहेर. सगळाच थोडा कलता.

“हा!” अन्विता म्हणाली. “हा आईचा. शंभर टक्के. दुसऱ्या कुणी चिमणी मधोमध घेतली असती.”

ती निळी चादर केदाररावांनी गेल्याच महिन्यात मंडईतून आणली होती. फोटो पोरीनंच काढला होता, आणि विसरली होती.

“हो ना, बाबा?”

“हो,” ते म्हणाले. “तिचाच.”

“बघ. यंत्राला नाही कळलं, मला कळलं.” तिनं गालावरचं पाणी मनगटानं पुसलं आणि भिंतीवरच्या त्या फोटोवर बोट ठेवलं. अशा वेळी प्रत्येक पडदा जे विचारतो, तेच भिंतीनं विचारलं. याच हातानं काढलेले आणखी शोधू?

“नको गं,” केदारराव म्हणाले, “चहा गार झाला, आधी…”

“शोध,” अन्विता म्हणाली.

केदाररावांनी तिचा दुसरा हात धरला. तो उबदार होता आणि अगदी स्थिर होता. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला, बराच वेळ, बोटांना काही थरथर लागते का बघत.

भिंतीवर एकामागून एक फोटो पडायला लागले. अनोळखी बाईची वेणी. अर्धी जिलबी.

“बघ बाबा,” ती हसत म्हणाली, “आली आई.”