नावामागचा पत्ता

आईला ऑपरेशनला न्यायला अजून थोडा वेळ होता. तिची लेक खोलीबाहेरच्या बाकावर बसून मोबाइल चाळत होती. भर दुपार असूनही त्या लांबलचक बोळात उजेड कमीच होता. औषधांचा उग्र वास येत होता आणि कुठेतरी लांब एक ढकलगाडी करकरत होती.

सगळ्यात वरच्या मेलवर नाव होतं, बाबा.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं मेलचं खातं तिने स्वतःच बंद केलं होतं. ऑफिसात लोकांना फसवे मेल ओळखायला शिकवणं हेच तिचं काम. 'नाव कोणीही लावतं, पत्ता बघा,' हे ऐकून ऐकून घरच्यांचे कान किटले होते. पण मोबाइलवर पत्ता दिसतो कुठे? नावच तेवढं मिरवत असतं. तिने नावावर बोट दाबलं. पत्त्याची पहिली दोन-चार अक्षरं आली आणि पुढे नुसती टिंबं.

मेलमध्ये एकच ओळ होती. 'आईला विचार, माझ्या गोळ्या ती अजून घेते का.'

"उडवून टाक," शेजारी बसलेला दादा मोबाइलमध्ये डोकावून म्हणाला. "तूच शिकवतेस ना?"

तिचं बोट तिकडेच चाललं होतं. पण फसवणारा काहीतरी मागतो, आणि इथे कोणी काहीच मागत नव्हतं. ती उठून आत गेली.

आई ओशाळली. "छातीत धडधडलं की घेते एखादी. कालही घेतली. त्यांच्या होत्या गं... टाकवेनात."

त्या गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या होत्या. तिने सांगताच डॉक्टरांनी ऑपरेशन तिथल्या तिथे थांबवलं. चिरल्यावर रक्त आवरलं नसतं, एवढंच ते म्हणाले.

बाहेर येऊन तिने मोबाइल आडवा धरला. पत्ता पुरता उलगडला. तिने अक्षर न् अक्षर तपासलं. बाबांचाच होता. हयातीत एक मेल धाडायला ज्यांना अर्धा तास लागायचा, त्यांनी हा कुठून, कसा धाडला असेल? तिच्या अंगावर काटा आला, आणि तरीही हात जोडावेसे वाटले.

तिने मोबाइल दादापुढे धरला. पत्ता वाचून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मलाही येत होते," तो म्हणाला. "आठवडाभर..."

"काय लिहिलं होतं?"

"उघडलेच नाहीत. पत्ता दिसेना, म्हणून उडवले. कचऱ्यातूनही साफ केले."

"विषय तरी दिसला असेल?"

दादाने आपला मोबाइल बाकावर पालथा ठेवला.

"सकाळच्या मेलवर होतं," तो हळूच म्हणाला, "'हे आईचं नाही, तुझं आहे. आजच वाच...'"