परेडच्या कडेला धरलेली जागा

परवा सूनबाई म्हणाली, "आई, रविवारी पोरीला घेऊन त्या परेडवाल्या पार्कात जायचं ठरतंय. तुम्ही तिथे एवढी वर्षं काढलीत, गर्दीत कसं निभवायचं ते सांगा ना. आणि तुम्हीसुद्धा चला."

गुडघेदुखी पुढे करून मी जायचं टाळलं. गर्दीचं मात्र मोकळेपणानं सांगितलं. परेडच्या दीड तास आधी रस्त्याच्या कडेला चादर टाका. एकानं चादरीवर बसायचं, बाकीच्यांनी तेवढ्यात खाणंपिणं उरकायचं. पोरीला पिवळा फ्रॉक घाला, पिवळा रंग अंधारात शेवटपर्यंत दिसतो. आतषबाजी संपली की लगेच उठू नका, सगळं जग तेव्हाच फाटकाकडे धावतं. पाऊण तास गप्प बसून राहिलेला माणूस त्यांच्या आधी घरी पोचतो. गर्दीतून पलीकडे जायची वेळ आली तर समोरून भिडू नका, तिरकं चाला, हात छातीशी घ्या.

"अजून काही?" तिनं विचारलं.

अजून होतं. पण पोर तिथेच खेळत होती, तिच्या कानावर कशाला घालायचं? म्हणून तेव्हा गिळलं, ते आता सांगते.

मी पार्कात दोरीवर कामाला होते. परेडच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना खांब, खांबांना दोरी, आणि दर दहा खांबांना एक बाई, अशी आमची कामं वाटलेली. लोक दोरीच्या मागे रस्त्याकडेच्या फरशीवर बसत, त्यांच्यामागे बाकीचे उभे राहत. चित्ररथ दिसला की सगळे पुढे रेटत. मग आपण दोरीला पोट लावून उभं राहायचं आणि "मागे व्हा, मागे व्हा" म्हणत हसत राहायचं. हसणं कामातच धरलेलं होतं. मला अक्षर काढता येत नाही, पण दोरीला अक्षर लागत नाही. पार्कात सगळे मला दोरीमावशीच म्हणत.

परेड संपता संपता अंधार पडे. मग रस्त्यावरचे सगळे दिवे मालवत आणि आभाळात आतषबाजी सुरू होई. पंधरा मिनिटं. मुलं हरवायची ती याच पंधरा मिनिटांत. आई वर बघते, बाप वर बघतो, हातातला हात कधी सुटला कुणाला कळत नाही.

मूल सापडलं की फाटकाजवळच्या खोलीत नेऊन बसवायचं, असा आमच्या मुकादमाचा नियम होता. पण त्या गर्दीतून खोली गाठायला अर्धा तास लागे, आणि अर्धा तास आई नाही म्हणजे मुलाचा जन्म गेल्यासारखं होतं. मी माझी वेगळी युक्ती काढली होती. एवढे हजारो लोक तोंड वर करून उभे असतात ना, त्यात एखादाच खाली बघत असतो. वर आभाळ फुटतंय आणि हा माणसांच्या गुडघ्यांकडे बघतोय, म्हणजे याचंच काहीतरी हरवलंय. वर बाण फुटला की त्या उजेडात मी भराभर तोंडं चाळायची, खाली बघणारं तोंड सापडलं की मूल तिकडे. अशी सात-आठ मुलं मी पोचवली. कधी चूक झाली नाही. आणि खरं सांगायचं तर त्याचा मला माज चढला होता.

सुट्ट्यांचा शेवटचा रविवार होता तो. इतकी गर्दी की मुंगीनंसुद्धा वाट विचारावी. दिवे गेले, पहिला बाण वर सुटला, आणि माझी दोरी कुणीतरी ओढली. बघते तर पाचेक वर्षांची पोर. डोक्यावर पार्कात मिळतात तसले सशाचे कान.

"माझी आई हरवली," ती म्हणाली.

"आई हरवली की तू हरवलीस गं?"

"आई. मी तर इथेच आहे."

मला हसू फुटलं. तिचा हात धरला. घामानं चिकट झालेला, गरम हात. लाल बाण फुटला, सगळा रस्ता लाल झाला, आणि रस्त्यापलीकडे मला ती बाई दिसली.

अगदी पुढच्या रांगेत, कडेवर बसलेली. आजूबाजूला सगळी तोंडं आभाळाकडे, हिची मान खाली. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी, आणि त्या जागेवर ती हात फिरवत होती, आपण अंथरुणात निजलेलं मूल चाचपतो तसा. मनात म्हटलं, सापडली. दोरीखालून पोरीला काढलं आणि रस्ता ओलांडला.

जवळ गेले तेव्हा हिरवा बाण फुटला. सगळ्यांची तोंडं हिरवी झाली, पोरीचे कान हिरवे झाले. त्या बाईचा चेहरा होता तसाच राहिला. राखेचा रंग असतो ना, तसा. मी ते बघितलं, अगदी नीट बघितलं, आणि मनाला समजावलं की धुरामुळे असेल. माज चढलेल्या माणसाला समजूत पटायला वेळ लागत नाही.

"ही तुमची का?" मी ओरडून विचारलं.

तिनं पोरीकडे बघितलंच नाही. मोकळ्या जागेवर हात थोपटला आणि म्हणाली, "बस. केव्हाची धरून ठेवलीय." त्या धडाक्यात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, पण तिचं ते हळू बोलणं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

मी पोरीला विचारलं, "हीच ना आई?" पोरीनं मान हलवली. मी तिला बसवलं आणि परत माझ्या दोरीवर आले.

आता वाटतं, तिनं होकार दिलाच नव्हता. तेवढ्यात एक मोठा बाण सुटला होता, तो कुठवर जातो ते बघायला तिनं मान वर नेली असणार.

पाचच मिनिटं गेली असतील. सोनेरी बाण फुटला आणि माणसांना कोपरानं बाजूला सारत एक बाई माझ्याकडे येताना दिसली. खाली बघत, वाकून, प्रत्येक पोराच्या खांद्याला हात लावत. तिच्या गालांवर सोनं ओतल्यासारखा उजेड पडला होता.

"मावशी, सशाचे कान घातलेली मुलगी... एवढी... बघितलीत का हो?"

"दिली मी," म्हटलं.

"कुणाला दिली?"

"एका बाईला," एवढंच तोंडातून निघालं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की अजून मला ते डोळे विसरता येत नाहीत.

शेवटच्या बाणांचा भडिमार सुरू झाला. तो सुरू झाला की निम्मे लोक फाटकाकडे वळतात. दोन्हीकडच्या दोऱ्या लोकांनी ओलांडल्या, रस्ता माणसांनी भरला. मी खांबाची गाठ सोडून दोरी ओढून घेतली, एक टोक कमरेला बांधलं, दुसरं त्या आईच्या हातात दिलं.

"हे सोडायचं नाही. माझ्या मागून तिरकं चाला."

तिनं दोरी दोनदा मनगटाभोवती गुंडाळली. वीस पावलांचा रस्ता, पण त्या दिवशी तो संपता संपेना. कुणाची बाबागाडी, कुणाच्या खांद्यावरचं पोर, कुणाची शिवी. मागे ती माऊली एकसारखी पोरीला हाका मारत होती. मग एकदम धक्के लागायचे थांबले. कडेपाशी पोचलो होतो. तिथे गर्दी दुभंगून जात होती, ओढ्यातल्या धोंड्याभोवतून पाणी जातं तशी. कुणी त्या बाजूला बघत नव्हतं, पण पाऊल टाकायलाही कुणी धजत नव्हतं.

पोर एकटीच बसली होती. ती बाई नव्हती. पोरीचे हात मांडीत, मान खाली.

आईनं झडप घालून तिला उचलायला घेतलं. पोर म्हणाली, "नको. जागा जाईल."

"अगं, चल घरी..."

"ती बाई म्हणाली, मी येईपर्यंत बस. परेड बघायचीय ना आपल्याला?"

"परेड झाली गं राजा," मी म्हटलं.

"ती नाही. दुसरी... आता येतेय ती."

आई तिला ओढत होती. पाच वर्षांची पोर ती, वजन ते किती! पण तिच्या आईला ती जागची हलवता येईना. पोर रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. म्हाताऱ्या माणसासारखी शांत होती. तेवढ्यात शेवटचा बाण फुटला, सगळ्यांत मोठा, दिवसासारखा लख्ख. त्याचा उजेड आईच्या केसांवर पडला, माझ्या हातांवर पडला. पोरीच्या गालावर नाही पडला.

त्यानंतर दिवे लागायला हवे होते. लागले नाहीत.

बाणांच्या दारूचा वास विरला आणि दुसरा वास आला, वर्षानुवर्षं पेटीत बंद राहिलेल्या कपड्यांचा. गर्दीचा कालवा लांब लांब गेला. रस्त्याच्या वरच्या टोकाकडून पावलांचा आवाज येऊ लागला. पुष्कळ माणसं. वाजंत्री नाही, बोलणं नाही. नुसती पावलं... फरफटत...

मी विचार केला असं म्हणणार नाही. विचाराला वेळच नव्हता. ज्या हातानं तिला तिथे बसवलं होतं, तोच हात मी पुढे केला. "बाळ, ऊठ. मी बसते. तुझी जागा जाणार नाही."

तिनं मान वर केली. "नक्की?"

"नक्की."

ती उठली. अगदी सहज, पिसासारखी. मी बसले. आईनं तिला उचलून छातीशी घेतलं तेव्हा पोरीनं केवढा मोठा टाहो फोडला! इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. कमरेची दोरी सोडून मी आईकडे टाकली. "जा, मागच्या भिंतीच्या कडेनं जा," म्हटलं. ती गेली.

आणि मी बसून राहिले. फरशी थंडगार होती. मान आपोआप खाली गेली, वर करायची म्हटलं तरी होईना. म्हणून मला त्या परेडमधले पायच तेवढे दिसले. अनवाणी पाय, बूट घातलेले पाय, नाडी सुटलेले. लहानही होते. लहान पायांजवळ कुठेच मोठे पाय नव्हते. माझ्या मनात आलं, हे सगळे कुणाची तरी वाट बघत कडेला बसलेले असणार. ज्यांच्यासाठी जागा धरली ते आलेच नाहीत, म्हणून आता हे स्वतःच निघालेत. भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाईट वाटलं.

दोन पाय माझ्यासमोर थांबले.

"बसलात?" तोच हळू आवाज.

माझ्या तोंडातून तेच निघालं जे रोज निघायचं. आम्हा दोरीवाल्यांना पाहुण्यांच्या जागी बसायची सक्त मनाई होती. कुणी प्रेमानं "मावशी, टेका जरा" म्हणालं की आमचं उत्तर ठरलेलं.

"ड्युटीवर आहे हो," मी म्हटलं. "ड्युटी संपली की बसेन."

ते पाय पुढे गेले.

दिवे लागले. मुकादम कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभा होता.

"वा मावशी! दोरी गायब, आणि तुम्ही पाहुण्यांच्या जागी पाय पसरून? उशी आणू का?"

"किती वेळ दिवे नव्हते रे?" मी विचारलं.

"बाण संपले, दिवे लागले. रोजच्यासारखं. उठा आता."

मी उठले. उठता आलं, हेच खूप होतं. ती आई फाटकाजवळच्या खोलीत पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. मी तिचे पाय धरायला वाकले, तिनं धरू दिले नाहीत. पोर म्हणाली, "जागा आहे ना अजून?"

त्यानंतर मी एकही मूल स्वतःच्या डोक्यानं दिलं नाही. अर्धा तास लागो की तास, खोलीतच नेलं. रडलं तर कडेवर घेऊन रडू दिलं.

पुढे चार वर्षं मी त्याच दोरीवर होते. पलीकडे कितीही गर्दी असो, कडेवर तेवढी दोन माणसांची जागा रिकामी राहायची. लोक यायचे, वाकून विचारल्यासारखं करायचे, मान डोलवायचे आणि पुढे जायचे. मी बघायची आणि तोंड फिरवायची.

माझा शेवटचा दिवस होता. परेडला अवकाश होता, ऊन कलत होतं. पोराला खांद्यावर घेतलेला एक माणूस तिथे थांबला, वाकला, "बरं बरं" म्हणाला आणि रस्ता ओलांडून माझ्या बाजूला आला. चार वर्षं विचारलं नव्हतं ते मी त्याला विचारलं.

"का हो, समोर जागा होती की?"

"एक बाई बसल्यात ना तिथे. शेजारची धरून ठेवलीय म्हणाल्या."

"कुणासाठी?"

त्यानं मागे वळून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो जरासा ओशाळला.

"तुमच्याकडे बोट दाखवलं त्यांनी. तुमची ड्युटी आज संपतेय का हो मावशी?"

त्यानं खांद्यावरचं पोर सावरलं आणि समजूत घातल्यासारखा म्हणाला, "पण घाई नाही म्हणाल्या."