जाबू घर का ओलं करतो?

"शनिवारी माझ्या जाबूला प्लमट्रीच्या शेतावर पाठवणार आहेत," सेनझेनी म्हणाली आणि तिने रुमाल डोळ्यांना लावला.

मेलुसीने हसू कसंबसं आवरलं. बुलावायोतले लोक थोकोझिले न्कालाकडे चोरलेल्या गाईंचा आणि पळालेल्या नवऱ्यांचा शोध घ्यायला येत. घरात पाय वर करणारा कुत्रा आजवर कुणी आणला नव्हता. पण त्याची मावसबहीण थोकोझिले गंभीर दिसली, म्हणून तोही गंभीर झाला.

"लग्नाआधी करायचा असं?" थोकोझिलेने विचारलं.

"कधीच नाही. सासरी आल्यावरसुद्धा सुरुवातीला नाही. थंडी पडली आणि सुरू झालं. मी रागावले, नाक घासलं त्याचं तिथे—"

"नाक घासू नकोस. तू चिडलीस एवढंच त्याला कळतं. चल, घर दाखव."

जाबू तांबूस, तरतरीत कुत्रा होता. मेलुसीने त्याच्यासाठी फाटक उघडताच त्याने खांब हुंगला, पाय वर केला आणि शेपटी हलवत परत आला.

घरात डाग तीन ठिकाणी होते. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराची चौकट, बोळाचा कोपरा आणि सासूबाईंच्या खोलीची चौकट. तिन्ही गुडघ्याखाली, उभ्या लाकडावर नाहीतर भिंतीवर. पण खोलीच्या उंबऱ्याशी, फरशीच्या मधोमध, एक पसरट थारोळंही होतं.

"हा काय छळ आहे!" सेनझेनी पुसायला धावली.

थोकोझिले मात्र त्या थारोळ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सेनझेनीचा नवरा, बेकितेम्बा न्दिवेनी, टाय सैल करतच बैठकीत आला. "बाई, यात शोधायचं काय? कुत्रा घाण करतो, कुत्रा जाणार. बाबांचा कुत्रा बासोपो म्हातारा झाला, आंधळा झाला, तेव्हा त्यालाही मी ठेवलं नाही. आईच त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, कायमचं झोपवायची सुई द्यायला."

भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता. त्यांच्या पायाशी दांडगा पांढरा कुत्रा.

"तुम्ही नाही गेलात?"

"मला काम होतं," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मेलुसीने बहिणीला कोपर मारलं. "यानेच केलंय. बायकोचा कुत्रा नको, म्हणून पाणी ओतत असणार."

"पाण्याला असा वास येतो का? गप्प बस."

सासूबाई, माखुमालो, स्वयंपाकघरात होत्या. समोर ताटात इसित्श्वालाचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, मऊ गोळा आणि रस्सा. तोंडात एकही दात नव्हता.

"सूनबाई, हाडं माझ्या ताटात घाल बाई. सवय आहे मला."

"आई, चावणार कशा?"

"चोखते."

जाबू आला आणि त्यांच्या घागऱ्याची कड हुंगत राहिला. कडेला दोनचार पांढरे केस चिकटले होते.

"जाबूला घालवावं असं तुम्हालाही वाटतं का, आजी?" थोकोझिलेने हळू विचारलं.

म्हातारीचा हात थांबला. "नको ग. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही."

"मग कुणाचा?"

माखुमालो ताट घेऊन उठल्या.

थोकोझिले परसात गेली. जुनं खुराडं होतं. पीस नाही, दाणा नाही, पण कडीला ताजं तेल आणि फटीतून दिसणारी लोकरीची चादर. तिने कडी काढली नाही. ती परत फिरली.

सगळे बैठकीत जमले.

"जाबू घर ओलं करतो, पण उगाच नाही," ती म्हणाली. "तो चौकटीवर पाय वर करतो. फरशीवरचं थारोळं त्याचं नाही. ते पाय उचलायची ताकद नसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं आहे. तुम्ही दोघं कामावर गेलात की आजी त्याला खुराड्यातून काढून मागच्या दाराने, बोळातून आपल्या खोलीत नेतात. थंडीत बाहेर राहवत नाही त्याला. जाबूच्या खुणा त्याच वाटेवर आहेत. परक्याचा वास आला, की तो आपला वास त्यावर ठेवतो. हाडं दात नसलेल्या आजींसाठी नव्हती. आणि त्यांच्या घागऱ्यावरचे पांढरे केस जाबूचे असणं शक्य नाही."

बेकितेम्बा हळूहळू आईकडे वळला. "आई... तू डॉक्टरकडे गेली नव्हतीस?"

"गेले होते. दारापर्यंत गेले." म्हातारी रडू लागली. "त्याने माझ्या हातावर डोकं ठेवलं रे. मला नाही जमलं. आता बोलावं तर तो मरतो, न बोलावं तर सुनेचा लेकरासारखा कुत्रा जातो. रात्र रात्र झोप नाही मला."

सेनझेनी उठून सासूच्या शेजारी बसली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला.

बेकितेम्बाने स्वतःच खुराड्याची कडी काढली. पांढरा, धुरकट डोळ्यांचा बासोपो हवा हुंगत, अडखळत आला. त्याचं नाक बेकितेम्बाच्या बुटावर टेकलं आणि शेपटी हलू लागली.

बेकितेम्बा मातीतच गुडघ्यांवर बसला. "बाबा गेल्यावर हा रोज दारात वाट बघत बसायचा, आई. मला ते बघवत नव्हतं. आंधळेपण नुसतं निमित्त होतं."

"मला सांगायचंस की."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

दोघंही रडत हसली.

"आता काम सांगते," थोकोझिले म्हणाली. "साबणाने आपल्या नाकाचं समाधान होतं, कुत्र्याच्या नाही. चौकटी व्हिनेगरने पुसा. दोघांना बाहेर, मोकळ्यावर, एकमेकांची ओळख करून द्या. उठल्यावर, जेवल्यावर बाहेर न्या. बाहेर केलं की लगेच शाबासकी. म्हाताऱ्याच्या अंथरुणाखाली प्लास्टिक घाला, त्याला मात्र कुणी रागवायचं नाही."

पुढच्या रविवारी मेलुसी तिकडून जात होता. चर्चच्या कोटातला बेकितेम्बा एका हाताने म्हाताऱ्या बासोपोला सावरत, दुसऱ्या हातात जाबूची दोरी धरून रस्त्याकडेच्या जॅकरांडाशी उभा होता. जाबूने पाय वर केला.

"शाब्बास रे माझ्या राजा!" बेकितेम्बा मोठ्यांदा ओरडला, आणि चर्चला निघालेल्या बायका चमकून थांबल्या.