ताईंची अर्धी रेघ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. मागच्या महिन्यात, भरदुपारी. आमच्या प्रयोगशाळेच्या काळ्या खोलीत... तिथे दुपारीही दिवा नसेल तर स्वतःचा हात दिसत नाही.

यंत्र सांगायला सोपं. काचेवर सोन्याचा पातळ थर, त्यावर लाल लेझर, समोर कॅमेरा. रक्तात आजाराची खूण असेल तर पडद्यावर एक ठिपका उजळतो.

उजळायला हवा! तीन महिने नुसतं राखाडी धुकं. वैताग आला होता मला.

यंत्र उभं केलं ताईंनी, माझ्या आधी इथे काम करायच्या त्यांनी. लेझरचा कोन बदलणारी, कडेला बारीक रेघा आखलेली चकती फिरवत चित्र सगळ्यात काळं होईल तिथे थांबायचं, असं त्यांनी वहीत लिहिलंय. ताई मात्र मग चकतीवर नखाने दोनदा टकटक करून ती जरा मागे घ्यायच्या. ठिपका लख्ख! किती मागे, ते कधी लिहिलंच नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. याच आजाराने. सुईला घाबरायच्या, स्वतःचं रक्त कधी तपासलंच नाही.

सर दारातूनच ओरडले, "चार वाजता समिती येतेय. ठिपका दिसला नाही तर उद्या खोलीला कुलूप. मी तरी किती सांभाळून घेऊ?"

मी काय झोपा काढत होते?

आधी निरोगी रक्त लावायचं, पडदा स्वच्छ काळा दिसायला हवा; मग आजारी. निरोगी म्हणून आम्ही आपलंच थेंबभर देतो. मी माझं नळीत भरलं, पंप सुरू केला.

पुन्हा धुकं.

मी टेबलावर हात आपटला. "ताई, आता तुम्हीच या!"

पंपाची घरघर थांबली...

टक... टक.

चकती माझ्यापासून दोन हात लांब होती. ती हळूच मागे सरकली... अर्धी रेघ.

पडदा स्वच्छ झाला. मधोमध पांढराशुभ्र ठिपका.

"सर!" मी आनंदाने ओरडले.

मग आठवलं... नळीत माझं रक्त होतं.

आजारी रक्ताचा ठिपकाही समितीला दिसला. खोली वाचली. "बघ, जमलं की नाही?" सर म्हणाले. माझ्या ठिपक्याचं मी कुणालाच सांगितलं नाही.

तीन दवाखान्यांत तपासून घेतलं. सगळे म्हणतात, काही नाही.

पण दवाखान्यांच्या कितीतरी आधी कळावं, म्हणूनच तर हे यंत्र बनवलं होतं.

आता रोज निघताना मी चकती पुन्हा काळ्यावर नेऊन ठेवते.

सकाळी येते, तेव्हा ती अर्धी रेघ मागे असते...