परत जाण्याचं कारण

न्यायालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, बाकावर माझ्या शेजारी बसलेला माणूस हातातला कागद वाचून हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत. मला संताप आला. या मजल्यावर व्हिसा नाकारलेल्यांचीच प्रकरणं चालतात. इथे कुणाला हसू येतं कसं?

“दात काय काढताय?” मी म्हटलं.

“पोटासाठी,” तो म्हणाला. “दंतवैद्य आहे मी.” मग माझा चेहरा बघून — “माफ करा. पण हे वाचाच.”

त्याच्या धाकट्या भावाला आलेलं नकाराचं पत्र होतं ते. भाऊ कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, लग्नाचा पत्ता नाही, दादाकडे महिनाभर राहायला येणार होता. पत्रात लिहिलं होतं : ‘अर्जदाराचे पती हयात नाहीत. सबब, मायदेशी परतण्याचे सबळ कारण उरलेले नाही.’

मी माझ्या पिशवीतला कागद काढून त्याच्यासमोर धरला. तेच वाक्य. फक्त इथे ते माझ्या आईबद्दल होतं.

बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आईला थोडे दिवस इकडे परदेशी, माझ्याकडे आणायचं होतं, एवढंच. बाबांच्या मृत्यूचा दाखला अर्जाला मीच जोडला होता. कुणीतरी तो पाहिला, आईच्या आयुष्यात आता काही उरलं नाही असं ठरवलं, आणि ते वाक्य इतकं सोयीचं वाटलं की पुढच्या माणसालाही चिकटवून दिलं. आई पोहण्याच्या तलावावर मुलींना शिकवते. नवी तुकडी तिच्याकडेच आहे, असं तलावाच्या व्यवस्थापकांचं पत्र दाखल्याच्या खालीच होतं. ते कुणी उलटूनही पाहिलं नव्हतं.

दंतवैद्याचं हसू मावळलं. “म्हणजे हे तुमच्या बाबांबद्दल...”

“हो.”

“मी मूर्ख आहे.”

“ते न्यायालय ठरवेल,” मी म्हटलं, आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या तोंडून थट्टा निघाली म्हणून मीच दचकले.

माझ्या वकीलबाईंनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्ही प्रकरणांसाठी एकत्र पुढची तारीख मागून घेतली. “फाइल उघडलीच नाही, याला आणखी पुरावा काय हवा? पण एक लक्षात ठेवा. न्यायालय व्हिसा देत नाही. निर्णय नीट घेतला का, एवढंच बघतं. जिंकलात तर नकार रद्द, आणि मग तेच कार्यालय पुन्हा ठरवणार.”

“म्हणजे ज्यानं थोबाडीत मारली त्याच्याकडेच परत गाल घेऊन जायचं,” दंतवैद्य म्हणाला.

तारखा पडत गेल्या. समोरच्या कॉफीच्या दुकानात आमचं टेबलही ठरून गेलं. तो साखर ढवळत बसायचा, विरघळली तरी. एक दिवस चमच्याकडेच बघत म्हणाला, “रविवारी माझ्याकडे जेवायला याल?”

“नाही.”

“कारण?”

“मला... हसताना अपराधी वाटतं. अजून.”

त्यानं चमचा बशीत ठेवला. मग हळूच — “निर्णय तुमचा. मी फक्त कारण तपासतोय. सगळ्या गोष्टी लक्षात घेतल्यात?”

“काय राहिलं?”

“मघाशी तुम्ही हसलात. अगदी मनापासून. त्याची नोंद कुठेच नाही.”

मी काचेबाहेर बघत राहिले. कान गरम झाले होते. “फेरविचार करते,” मी म्हटलं.

सुनावणीत सरकारी वकील म्हणाले, “ही कारकुनी चूक आहे.”

“कुठल्या पत्रातली?” न्यायाधीशबाईंनी विचारलं. “त्या मुलाच्या, की या बाईंच्या?”

सरकारी वकील कागद चाळू लागले. दोन्ही नकार रद्द झाले. कुणी माफी मागितली नाही. माझ्या बाबांचं मरण एक तयार मजकूर होऊन हातोहात फिरलं होतं, आणि त्याचं नाव काय, तर कारकुनी चूक. जिन्यात मी कठडा घट्ट धरून उभी राहिले. दंतवैद्य एक पायरी खाली थांबला. घाई केली नाही. त्या रविवारी मी जेवायला गेले.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. “पुन्हा तेच लोक ठरवणार?” ती म्हणाली. “अगं, तुझे बाबा होते तेव्हाच तर कधी कधी पळून जावंसं वाटायचं मला. हे त्यांना कळव.”

अखेर व्हिसा आला. एका ओळीचा निरोप, कारण काही नाही. भावाचाही आला.

आई आली, राहिली, दंतवैद्याच्या हातचं जेवून “मीठ कमी” म्हणाली, आणि ठरल्या दिवशी परत निघाली. विमानतळावर बॅग स्वतःच ओढत होती. तपासणीच्या रांगेपाशी थांबून तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं.

“मला परत जायला कारण आहे. सोमवारी मुली पाण्यात उतरणार. हिला इथे राहायला आहे का काही, ते कळू दे जरा.”

दंतवैद्यानं तोंड उघडलं.

“थांब,” मी म्हटलं. पहिल्यांदाच त्याला एकेरीत. “हे मी ठरवायचंय.”

आणि आईच्या देखत त्याचा हात धरला.

आईनं आमच्या हातांकडे नीट, सावकाश पाहिलं. तिच्या अर्जाकडे कुणीच पाहिलं नव्हतं, तसं.

“सबळ आहे,” ती म्हणाली, आणि रांगेत शिरली.