उणे ऐंशी

सोमवारी सकाळी फ्रीजरचं दार उघडलं तेव्हा आतून आधी पाणी आलं आणि मागोमाग वास.

मुलुंडच्या त्या विद्यापीठीय कर्करोग संशोधन केंद्रात उणे ऐंशी अंशांवर रुग्णांच्या गाठींचे तुकडे जपले होते. त्यातले बहुतेक रुग्ण आता हयात नव्हते. फ्रीजर कुणीतरी मागच्या बटणाने बंद केला होता, धोक्याचा भोंगाही.

केंद्राच्या दारावर 'तरुण शास्त्रज्ञांचं माहेर' अशी पाटी होती. या माहेरातून गंधाली तावडेला हाकलायला संध्याकाळी समिती बसणार होती. नमुने तिचे, आणि रविवारी केंद्रात एकटी तीच आलेली.

विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकारी शुभा सामंत, पूर्वीच्या पोलीस निरीक्षक, फ्रीजरच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या. दसऱ्याच्या सुट्टीआधी, शुक्रवारी, इथे यंत्रपूजा झाली होती. तीन फ्रीजर ओळीने उभे. प्रत्येकाला गरम हवा बाहेर फेकणारी जाळी, आणि दुसरी सोय नसल्यामुळे हार त्या जाळीवरच अडकवलेला. दोन हार पापडासारखे वाळले होते. बंद फ्रीजरवरचा पिवळाधमक होता.

"हार कुठले, काशीराम?"

"सगळे एकाच टोपलीतले, मॅडम," शिपाई म्हणाला. "शुक्रवारीच आणलंय. डायरेक्टर सायबांनी आपल्या हातान घातल्यानी."

मग गंधाली आली.

"शुक्रवारी कुठे होतीस?"

"बोरिवलीला, हॉस्पिटलात. पूजेला नव्हतेच."

"रविवारी?"

"वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटरवर. इकडे फिरकलेसुद्धा नाही."

"नमुन्यांतून काय निघत होतं?"

गंधालीने दाराकडे पाहिलं. "नाडकर्णी सरांची चाचणी चुकीची आहे. ती बघून ज्यांना औषध देतील, त्यातल्या निम्म्यांना ते लागूच पडणार नाही."

"सरांना सांगितलंस?"

"गुरुवारी. शाब्बास म्हणाले."

संचालक डॉ. चंद्रप्रकाश नाडकर्णी अत्यंत दुःखी होते. दुःख त्यांना शोभत असे.

"मुलगी हुशार हो. पण निष्काळजी."

"फ्रीजर शेवटचा चालू कुणी पाहिला?"

"मीच. शनिवारी संध्याकाळी वॉचमनला सोनं द्यायला आलो, तेव्हा डोकावलो. पडद्यावर उणे ऐंशी स्वच्छ दिसत होतं."

"नक्की?"

"डोळे शाबूत आहेत माझे."

समितीसमोर शुभाताईंनी तीनही हार टेबलावर ठेवले.

"फुलं एका टोपलीतली. चालू फ्रीजरच्या गरम हवेने दोन हार वाळले. तिसरा फ्रीजर शनिवार संध्याकाळपर्यंत चालू असता, तर हाही वाळला असता. म्हणजे तो शुक्रवारीच बंद झाला, पूजा आटोपून तुम्ही सगळे पेढ्यांकडे वळलात तेव्हा. गंधाली तेव्हा बोरिवलीत. आणि बंद यंत्राच्या पडद्यावर आकडा नसतो. मग सरांनी शनिवारी वाचलं काय?"

शुभाताईंनी पिवळा हार नाडकर्णींसमोर सरकवला.

"आळ रविवारवर ढकलायचा, तर शनिवारी फ्रीजर चालू हवा. तो तसा हवा होता फक्त त्यांना."

"अख्खं आयुष्य घातलं मी त्या चाचणीत," नाडकर्णी शेवटी म्हणाले.

कुणीतरी सवयीने त्यांच्याकडे बिस्किटांची बशी सरकवली, आणि मागे घेतली.

बाहेर गंधाली भिंतीला टेकून उभी होती. "नोकरी राहिली. पण चाचणी खोटी हे दाखवू कशावरून? सगळं गेलं."

"चोर पकडून देते मी. गेलेलं परत आणणं आमच्याकडे नसतं गं," शुभाताई म्हणाल्या.

गंधालीने फोन लावला. बोरिवलीच्या हॉस्पिटलातल्या जयंतीकाकूंचं उद्या ऑपरेशन होतं. गाठीचा तुकडा संशोधनाला द्याल का, असं तिने विचारलं.

"माझ्या औषधाच्या वेळेपर्यंत होईल का तुझं काही?"

"नाही होणार, काकू."

पलीकडे पंखा घरघरत होता.

"बरं. तरी घे."