बायजाबाईची कवळी

अख्ख्या लकडगंजात भुताला न घाबरणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे मी. दिवसा. रात्री लघवीला जायचं तर शेजारच्या खाटेवरच्या नानाजीला उठवतो आणि त्याचा सदरा धरून जातो.

पण परवापासून नानाजी उठेना. आमच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळीला गोविंदा नावाचा नवा पोट्टा आला आहे. नानाजीनं अंथरूण ओलं केलं म्हणून त्यानं म्हाताऱ्याचा हात असा पिळला, की दंड वांग्यासारखा जांभळा झाला. वर दम दिला, "कोणाले सांगशील तं दुसराही पिळीन." मी काय करणार? जन्मभर आरामशीनवर लाकडं चिरली. शाळा चौथीपर्यंत, त्यातली अर्धी मास्तरच्या चपला लपवण्यात गेली. म्हटलं, चला, गोष्ट तरी सांगू.

यंदाच्या पोळ्याची अवस होती, साल त्र्याऐंशी. गोविंदा रोजच्यासारखा जर्मनचा डबा घेऊन खाटांवरून फिरला. म्हातारे झोपेत कवळी गिळतील म्हणून इथं रात्री सगळ्यांच्या कवळ्या गोळा करतात. मी माझी काढून दिली आणि बोळकं पसरून हसलो.

"कसा दिसतो गा? तुह्या सासऱ्यावानी?"

"झोपा ना दादाजी. डोकं नका खाऊ."

दिवा मालवून तो दारापाशी स्टुलावर बसला. मी उशाखालची फुटाण्याची पुडी सोडली.

"गोविंदा, तुह्या जागेवर आधी चंपतराव होता. मालूम हाये काय?"

"कोण चंपतराव?"

"ऐक मंग."

एकाहत्तर साल. तेव्हा ही खोली बायांची होती. यमुताई इथंच होती, आता पलीकडच्या खोलीत असते. तिनं पाहिलं आणि तिनंच मला सांगितलं. मी पदरचं काही घातलेलं नाही. मीठ घातलं असेल चिमूटभर.

तिच्या शेजारी बायजाबाई. लेक कोराडीच्या वीजघराच्या बांधकामावर कामाला. आईला फुटाणे आवडतात म्हणून त्यानं कवळी करून दिली आणि तिला इथं आणून सोडलं. चंपतराव सगळ्यांनाच मारायचा. ओल्या पंच्याला पीळ देऊन मारायचा, म्हणजे वळ उठत नाहीत. बायजाबाईनं हे मॅनेजरला सांगितलं. त्या रात्री चंपतरावानं तिची कवळी घेतली, ती परत दिलीच नाही. सकाळी मॅनेजर विचारतो, काय होतंय आजी? ती सांगते, पण तोंडातून नुसतं फा-फू. मॅनेजर हसला अन् गेला.

"दात नाही तं तक्रार नाही," चंपतराव तिच्या कानाशी म्हणाला.

"हुशार होता," गोविंदा अंधारातून बोलला.

"लय हुशार. पुढं ऐक."

बाई वरणाच्या पाण्यावर राहिली. नुसती काठी झाली. मग पोळ्याच्या रात्री, आजच्यासारख्याच, ती उठली. चंपतराव घोरत होता. तिनं डब्यात हात घालून आपली कवळी शोधली आणि तोंडात बसवली. तेवढ्यात डबा खणखणला.

त्यानं तिला झिंज्या धरून ओढलं. कवळी काढायला तोंडात बोटं घातली. ती चावली. बोटं सुटेनात. मग त्यानं तिचं डोकं खाटेच्या लोखंडी गजावर आपटलं. पुन्हा आपटलं. ती सोडेना. आपटत राहिला... बोटं सुटली तेव्हा ती जिवंत नव्हती. त्यानं किल्लीच्या जुडग्यानं जबडा उचकटून कवळी काढली, धुतली, आपल्या फळीवर पेल्यात ठेवली. बाईला न्हाणीत नेऊन टाकलं, फरशीवर पाणी ओतलं. पाय घसरला म्हणे, झालं.

दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक. रस्त्यात इतका गलका, की तिची तिरडी कोणत्या बोळातून गेली तेही कळलं नाही. बाई जळाली ती बोळक्यानंच. लेकानं काही विचारलं नाही.

"अन् यमुताई? थे काहून नाही बोलली?"

"तिचीही कवळी डब्यातच होती ना बाबू."

नानाजीची खाट करकरली. झोपला नव्हता बेटा.

मी एक फुटाणा तोंडात टाकला आणि पुढं सांगू लागलो. तिला जाळलं त्याच रात्री, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या रात्री. दिवे मालवले. चंपतराव स्टुलावर बसलेला, बोटांना फडकं बांधलेलं. आणि अंधारात आवाज आला.

कुडुम.

"कोण खाऊन राहिलं बे?"

कुडुम... कुडुम...

त्यानं टॉर्च लावला. एकेका म्हातारीचे गाल दाबून तोंड उघडून पाहिलं. बोळकं. पुढची, तेही बोळकं. यमुताईचे गाल तर त्यानं असे दाबले, की रक्त आलं. सगळी तोंडं रिकामी. त्यानं फळीकडे उजेड फिरवला. पेल्यात पाणी होतं.

नुसतं पाणी.

कुडुम. आता त्याच्या पाठीमागून. बायजाबाईच्या खाटेवरून. गादी गुंडाळलेली...

तो वळला. टॉर्च पडला. जमिनीवरच्या उजेडात यमुताईला फक्त त्याचा हात दिसला. ताणलेला. कोणी ओढत असावं तसा. ओढणारं कोणी नाही... आणि मग तोच आवाज. कुडुम. पण फुटाण्याचा नाही.

हाडाचा.

तो ओरडत होता... बोट... मग दुसरं... मग ते कुडुम गळ्यापर्यंत आलं, आणि...

"आणि?" गोविंदाचा आवाज बारीक झाला होता.

मी थांबलो. मुद्दाम. एक फुटाणा सोलून टरफल चादरीवर ठेवलं.

सकाळी चंपतराव न्हाणीत सापडला. ओल्या फरशीवर. उजव्या हाताला बोटं नाहीत. गळ्यावर दातांची दुहेरी माळ, सारखी, सरळ, एकही दात पडलेला नाही. अशी माळ उठवायला त्या खोलीत एकाही म्हातारीच्या तोंडात दात नव्हते. पोलीस म्हणाले, घूस. यमुताई म्हणाली, "घूस काय फुटाणे सोलून खाते?" कारण बायजाबाईच्या खाटेवर टरफलांची ढिगली होती. नीट, म्हाताऱ्या बाया करतात तशी. आणि कवळी? सगळा आश्रम धुंडाळला. आजपर्यंत सापडली नाही.

"झाली गोष्ट," मी म्हटलं. "आता उठ अन् नानाजीच्या दंडाले तेल लावून दे. हळू हातानं."

तो उठला. खरंच उठला! तेलाची बाटली घेतली, नानाजीच्या खाटेवर बसला. नानाजीनं आधी हात आखडला, मग हळूच पुढं केला. मला इतकं हसू दाटलं, की उशी तोंडात कोंबावी. हसू दाबायला मी आणखी फुटाणे चावले.

गोविंदाचा हात थांबला. त्यानं टॉर्च माझ्या खाटेवर फिरवला. चादरीवर टरफलांची ढिगली होती. मग त्यानं स्टुलापाशी जाऊन जर्मनचा डबा उघडला आणि आत उजेड पाडला. एकेक कवळी उलटून पाहिली.

"दादाजी... तुमची कवळी तं ह्या डब्यात हाये. मंग तुमी फुटाणे कशानं चावून राहिले?"